सावलीचे छत नको, जीव राखणारी चौकट हवी



जिल्हा बैठकीच्या अंकात कापसाचा भाव, वीज आणि कर्ज यांवरच लिहायचे अशी आपली सवय. या वेळी मी लोखंडाच्या एका चौकटीवर लिहितो आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

मागच्या हंगामात वर्धेच्या काठच्या एका गावी मयतीला गेलो होतो. पोरगा तेवीस वर्षांचा, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर रोजाने जाणारा. रोटाव्हेटर मारून नाल्याच्या काठाने परत येत होता. काळ्या मातीचा काठ ढासळला, ट्रॅक्टर आधी कुशीवर गेला आणि मग पालथा झाला. नाला पुरुषभरही खोल नव्हता. ट्रॅक्टरचे फारसे बिघडले नाही. दुसऱ्या दिवशी साखळदंड लावून काढला, आठवड्याने तो पुन्हा वावरात होता. त्यावर पाइपांचे चांगले रंगवलेले छत होते. ते पत्र्याच्या डब्यासारखे चेपले होते. ट्रॅक्टरचा मालक डोके धरून बसला होता. मला म्हणाला, "साहेब, छत तं होतं न जी त्याले!"

हे एक वाक्य मला झोपू देत नाही. त्या मालकाने कंजुषी केली नव्हती. पैसे मोजून त्याने छत बसवले होते आणि त्याला वाटत होते की पोरगा त्याच्याखाली सुरक्षित आहे. मी कृषी पदवीधर, बीस वर्षे शेतकऱ्यांत फिरतो. पेरणीचे अंतर सांगितले, बोंडअळी सांगितली, खताच्या मात्रा सांगितल्या. हे छत जीव वाचवणारे नाही, एवढे मात्र कधी कोणाला सांगितले नाही. आमच्या कॉलेजात ट्रॅक्टरचा सगळा गिअर बॉक्स फळ्यावर काढून घेतला, पण ट्रॅक्टर उलटतो कसा यावर एक तास झाला नाही.

म्हणून तो तास आज घेतो.

ट्रॅक्टर उंच आणि अरुंद असतो, वजन मागे असते. धुऱ्यावर एक चाक चढले, नाल्याच्या कडेला एक चाक खचले, भरल्या ट्रॉलीने उतारावर मागून रेटले की तो कुशीवर जातो. दुसरा प्रकार मागे उलटण्याचा. पावसात काळ्या मातीत ट्रॅक्टर फसतो. मग कोणीतरी मागच्या चाकांना लाकूड बांधतो आणि क्लच सोडतो. चाक फिरू शकत नाही, पण इंजिनाचा जोर कुठेतरी जायलाच हवा. तो ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलतो. हुकाऐवजी वर ॲक्सलला साखळी बांधून ओढले तरी तेच होते. तोंड उचलल्यापासून पाऊण सेकंदात ट्रॅक्टर परत न येणारी जागा ओलांडतो आणि दीड सेकंदात माणूस खाली असतो. दीड सेकंदात उडी मारू असे म्हणणाऱ्याने एकदा बसल्या जागेवरून उठून पाहावे.

यावर उपाय सत्तर वर्षांपूर्वीच सापडला आहे. सीटच्या मागे, मागच्या ॲक्सलच्या घराला पक्की बसवलेली, माणसाच्या डोक्यापेक्षा उंच अशी पोलादी कमान. दोन खांब आणि वर आडवा दांडा, बस. ट्रॅक्टर पडला तर बहुतेक वेळा कुशीवरच अडतो, पुरता पालथा होत नाही. झालाच तर त्याचे वजन कमानीवर येते आणि माणसाच्या अंगाएवढी जागा मोकळी राहते. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली, पुढे जुन्यांवरही बसवायला लावली. तिथे पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस दर लाख ट्रॅक्टरमागे वर्षाला १७ माणसे उलटून मरत होती. १९९० पर्यंत हा आकडा ०.३ वर आला. अमेरिकेत जॉन डियर कंपनीने १९६६ साली अशी चौकट बाजारात आणली आणि तिचे पेटंट इतर कारखानदारांनाही वापरू दिले. १९८५ पासून तिथले कारखानदार २० अश्वशक्तीच्या वरचे ट्रॅक्टर चौकटीसकटच विकतात. महिंद्राचे ट्रॅक्टर १९९४ पासून अमेरिकेत विकले जातात. तिथल्या शेतकऱ्याला ट्रॅक्टर मिळतो तो चौकटीसकट. आता वणीच्या बाजार समितीच्या आवारात कापसाच्या ट्रॉल्या घेऊन उभे असलेले ट्रॅक्टर मोजा. कमान किती ट्रॅक्टरवर दिसते?

वर्षाला लाखो ट्रॅक्टर घेणारा हा देश. एवढ्या मोठ्या गिऱ्हाईकाला इतके स्वस्त समजले जाते, हे आपण अजून मनावर घेतलेले नाही.

आता छताकडे येतो. आपले वेल्डिंगवाले भाऊ हुशार आहेत. तिफणीपासून ट्रॉलीपर्यंत सगळे करून देतात. त्यांना फोटो दाखवला की तशीच कमान ते दोन दिवसांत उभी करतील. तरी मी हात जोडून सांगतो, ती करून घेऊ नका. जाड पाइप म्हणजे मजबूत चौकट, हा समज खोटा आहे. खरी चौकट अशा पोलादाची असते की ती मार बसल्यावर तुटत नाही, ठरलेल्या मापात वाकते आणि वाकताना धक्का पिऊन टाकते. जास्त वाकली तर माणूस चेंगरतो. वाकायच्या ऐवजी वेल्डच्या जोडावर तडकली तरी माणूस जातोच. आणि बसवायची कुठे? आपली छते मडगार्डच्या पत्र्याला बोल्ट मारून बसवलेली असतात. दोन टन वजन आले की पत्रा फाटतो आणि छत सुटून येते. त्या पोरग्याच्या ट्रॅक्टरवर हेच झाले होते.

चौकटीची परीक्षा कारखान्यात तोडून घेतात. मागून ढकलतात, बाजूने ढकलतात, वरून दाबतात. वरून दाबताना ट्रॅक्टरच्या वजनाच्या सुमारे दुप्पट भार देतात. इतके करूनही चालकाच्या जागेत लोखंड शिरले नाही तरच ती पास. यासाठी भारतीय मानक आहे, आयएस ११८२१. ट्रॅक्टर तपासणारे केंद्र सरकारचे केंद्र मध्य प्रदेशात बुधनीला आहे. म्हणजे या देशात ज्ञान नाही किंवा यंत्रणा नाही असे कोणी म्हणू नये.

मोटारींच्या शर्यतीत गाडीच्या आत पाइपांचा पिंजरा लागतो. शर्यतीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम असा, की चालकाच्या पाठीमागची मुख्य कमान बिनजोडाच्या पोलादी पाइपची हवी. ४५ मिलिमीटर व्यासाला जाडी अडीच मिलिमीटर, ५० व्यासाला दोन. तिथे अर्ध्या मिलिमीटरवर गाडी बाद करतात. हौसेने गाडी उडवणाऱ्याच्या जिवाची ही मोजदाद. आपल्याकडे एकीकडे कोळसा खाणीत अवजड यंत्रे चालकाला केबिनमध्ये बसवून फिरतात आणि शेजारच्या वावरात ज्वारीची पेरणी करणारा पोरगा उघड्या सीटवर बसलेला असतो.

आणखी एक गोष्ट, ती नीट वाचा. चौकट असेल तर कमरेचा पट्टा बांधलाच पाहिजे. नाहीतर माणूस जागेवरून फेकला जातो आणि चौकटीखालीच येतो. चौकट नसेल तर मात्र पट्टा बांधू नका. उघड्या ट्रॅक्टरवर पट्टा म्हणजे माणसाला लोखंडाला बांधून ठेवणे. पाइपांच्या छतालाही हेच लागू आहे. छत आहे म्हणून कोणी पट्टा बसवून दिला तर तो काढून टाका.

इथे काही कार्यकर्ते मला अडवतील. आपण सरकारी बडग्याच्या विरोधातली माणसे, आता तुम्हीच सक्ती मागता? एक इन्स्पेक्टर वाढेल, गावोगाव ट्रॅक्टर अडवून पावत्या फाडेल. शंका खरी आहे आणि ती मलाही आहे. म्हणून माझी मागणी शेतकऱ्याच्या दारात नाही, कारखान्याच्या दारात आहे. गाव-रस्त्यावर तपासणी नको. कारखान्याच्या फाटकातून बिनचौकटीचा नवा ट्रॅक्टर बाहेर पडू नये, एवढेच. सरकारने यांत्रिकीकरणाच्या योजनेत ट्रॅक्टरला अनुदान द्यायचे असेल तर ते चौकटीच्या ट्रॅक्टरलाच द्यावे.

किंमत वाढेल, ही दुसरी हरकत. वाढेल, पण हिशेब करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. करापूर्वी सात लाख किमतीच्या ट्रॅक्टरवर ४९ हजार रुपये वाचले. त्या वाचलेल्या पैशात म्युझिक सिस्टीम आणि क्रोमचे बंपर बसवणारे ट्रॅक्टर मी पाहिले आहेत. कमान गोठ्याच्या दारात अडते म्हणाल, तर मधून दुमडणारी कमानही मिळते. आत नेताना दुमडा, बाहेर आणली की उभी करून खिळ घाला.

आता आपल्याच घरातले बोलतो. उलटणाऱ्या ट्रॅक्टरवर बसलेला माणूस पुष्कळदा ट्रॅक्टरचा मालक नसतो. तो रोजाने आलेला असतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यूला दोन लाख मिळतात, पण ते सातबारा असलेल्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. भूमिहीन चालकाच्या आईला त्यातले काही मिळत नाही. ज्या पोरग्याच्या मयतीला मी गेलो त्याच्या घरी सातबारा नव्हता. कापसाला खर्चावर आधारित भाव मागताना आपण मजुरीचा हिशेब मांडतो. त्या हिशेबात मजुराचा जीव कोणत्या रकान्यात लिहायचा?

चौकट येईपर्यंत हंगाम थांबणार नाही. तोवर जे आपल्या हातात आहे ते आजपासून करा. नाला जेवढा खोल तेवढे तरी अंतर काठापासून सोडून चालवा. चार तास कमी पेरले तर काही बिघडत नाही. डांबरी रस्त्यावर येण्याआधी दोन्ही ब्रेक जोडणारी कडी लावा. वावरात वळायला आपण ती काढतो आणि कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर तशीच घेऊन जातो. एकाच चाकाला ब्रेक लागला की भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवा करते. ओढायचे ते नेहमी खालच्या हुकाने. फसलेल्या चाकाला लाकूड बांधू नका, दुसरा ट्रॅक्टर बोलवा. उताराच्या वावरासाठी मागची चाके रुंद करून घ्या, मेकॅनिकला अर्धा दिवस लागतो. आणि मडगार्डवर लेकरू बसवू नका, कितीही रडले तरी.

चौकटीने सगळेच वाचेल असे मी म्हणत नाही. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगावच्या शिवारात हळद काढायला निघालेल्या बायांचा ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत गेला. हिंगोली जिल्ह्यातल्या गुंज गावच्या सात जणी गेल्या. ट्रॉलीतल्या माणसाला चौकट वाचवत नाही. तिथे विहिरीला कठडा हवा होता, आणि माणसे न्यायला ट्रॉली नको होती. तो ठराव वेगळा आणावा लागेल. मी तो लिहितो आहे.

या बैठकीत मात्र एकच ठराव मांडणार आहे. नवा ट्रॅक्टर चौकट आणि पट्ट्यासकटच विकावा, आणि जुन्या प्रत्येक मॉडेलसाठी तपासून पास झालेली चौकट कंपनीने विक्रेत्याकडे ठेवावी, तिची किंमत लेखी लावावी. ठराव पास झाला म्हणून कंपनी हलणार नाही, हे मलाही कळते. ती हलते गिऱ्हाईकाच्या पत्राने. म्हणून बैठकीला येताना आपल्या ट्रॅक्टरचे मॉडेल आणि घेतल्याचे वर्ष चिठ्ठीवर लिहून आणा. गावात ट्रॅक्टर उलटून कोणी गेले असेल तर ते कोणत्या साली, कोणत्या जागी, एवढेही लिहा, नाव नको. मंडपाच्या दाराशी दोन पोरी टेबल घेऊन बसतील. विक्रेत्याला द्यायची पत्रे तिथेच भरू, ज्याला लिहिता येत नाही त्याचे त्या लिहून देतील.