विश्लेषण : लैंगिक गुन्ह्यांचे कायदे कठोर, मग आरोपी सुटतात कसे?

दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ रोजी घडलेल्या सामूहिक बलात्कारानंतर लैंगिक गुन्ह्यांचे कायदे वारंवार कठोर करण्यात आले. तरीही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०१८ ते २०२२ या काळात बहुतेक वर्षी बलात्काराच्या खटल्यांत दोषसिद्धीचे प्रमाण २७ ते २८ टक्क्यांच्या आसपासच राहिले. म्हणजे निकाली निघालेल्या दर चार खटल्यांपैकी जवळपास तीन खटल्यांत शिक्षा होत नाही. कायदा कडक असूनही अंमलबजावणी नेमकी कुठे अडते, याचा हा आढावा.

कायद्यात काय बदलले?

न्या. जे. एस. वर्मा समितीच्या अहवालानंतर २०१३ मध्ये बलात्काराची व्याख्या व्यापक झाली. पाठलाग करणे, चोरून पाहणे हे स्वतंत्र गुन्हे ठरले. १२ वर्षांखालील मुलींवरील बलात्कारासाठी २०१८ मध्ये फाशीची तरतूद आली. पुढच्याच वर्षी 'पोक्सो' कायद्यातील शिक्षा वाढल्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत 'झिरो एफआयआर'ला, म्हणजे हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याला, स्पष्ट आधार मिळाला. बलात्काराचा तपास दोन महिन्यांत पूर्ण करण्याचे बंधनही आहे.

पहिला अडसर पोलीस ठाण्यातच?

बहुतेकदा तसेच दिसते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी पालकांना सुमारे १२ तास ताटकळावे लागले. २० ऑगस्टला संतप्त नागरिकांनी रेल्वेमार्ग रोखला, त्यानंतर यंत्रणा वेगाने हलली. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेत पोलीस आणि शाळा दोघांनाही फटकारले.

वास्तविक अशा टाळाटाळीसाठी कायद्यात शिक्षा आहे. बलात्कारासारख्या गुन्ह्याची माहिती नोंदवून न घेणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्या कलम १९९ नुसार सहा महिने ते दोन वर्षे सक्तमजुरी होऊ शकते. या खटल्यासाठी सरकारच्या पूर्वपरवानगीचीही गरज नाही. 'पोक्सो'च्या कलम २१ नुसार माहिती दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण कारवाई सहसा निलंबन किंवा बदलीवर थांबते. त्यामुळे या तरतुदींचा धाक निर्माण झालेला नाही.

वैद्यकीय तपासणीत काय अडचणी येतात?

पीडितेच्या संमतीने २४ तासांच्या आत तिला तपासणीसाठी पाठवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने तिच्यावर तातडीने मोफत उपचार करायचे आहेत. मात्र गुन्हा नोंदवण्यातच वेळ गेला, तर शरीरावरील आणि कपड्यांवरील जैविक पुरावा कमी होत जातो. नमुने नीट सीलबंद न होणे, ते प्रयोगशाळेत उशिरा पोहोचणे, अहवाल रखडणे यांचा फायदा बचाव पक्षाला मिळतो.

जुन्या समजुतीही सुटत नाहीत. 'टू फिंगर टेस्ट' अशास्त्रीय आणि अपमानास्पद असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले होते. तरी ती सुरू राहिल्याने, अशी चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल, असे न्यायालयाला ऑक्टोबर २०२२ मध्ये पुन्हा बजावावे लागले.

न्यायालयात खटले का रेंगाळतात?

कायद्यानुसार आरोपपत्र दाखल झाल्यापासून दोन महिन्यांत बलात्काराचा खटला संपायला हवा. 'पोक्सो'त बालकाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो एक वर्षात पूर्ण करायचा आहे. केंद्राने २०१९ मध्ये जलदगती विशेष न्यायालयांची योजनाही आणली. पण न्यायाधीश, सरकारी वकील आणि प्रयोगशाळेचा अहवाल या तिन्ही गोष्टी वेळेवर मिळाल्या तरच मुदत पाळता येते.

विलंबाचा सर्वात मोठा फटका साक्षीला बसतो. बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, मालक. वर्षानुवर्षे खटला लांबला की घरातून, गावातून तडजोडीसाठी दबाव येतो आणि साक्षीदार फितूर होतात. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्याने साक्षीदार संरक्षण योजना करायची आहे. ती कागदावर असून भागणार नाही, दबाव येईल त्या दिवशी ती पीडितेच्या दारापर्यंत पोहोचायला हवी.

फाशीच्या तरतुदीने प्रश्न सुटेल?

महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये 'शक्ती' विधेयक मंजूर केले. त्यात ३० दिवसांत तपासाची आणि गंभीर प्रकरणांत फाशीची तरतूद होती. त्याआधी आंध्र प्रदेशने 'दिशा' आणि नंतर २०२४ मध्ये पश्चिम बंगालने 'अपराजिता' विधेयक आणले. या विधेयकांना राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही.

मुळात आरोपी घरातलाच असेल तर फाशीच्या भीतीने कुटुंबच तक्रार दाबण्याची शक्यता वाढते. वर्मा समितीनेही बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती. देशभर गाजलेल्या दिल्लीच्या प्रकरणातही गुन्ह्यापासून फाशीच्या अंमलबजावणीपर्यंत सात वर्षांहून अधिक काळ लागला. बदलापूर प्रकरणात तर मुख्य आरोपी सप्टेंबर २०२४ मध्ये पोलिसांच्या गोळीने मरण पावला आणि त्याच्याविरुद्धचा पुरावा न्यायालयात तपासला जाण्याची संधीच संपली.

मग उपाय काय?

नवा कायदा करण्यापूर्वी असलेल्या मुदती पाळल्या जातात का, हे जिल्हानिहाय जाहीर व्हायला हवे. गुन्हा किती तासांत नोंदला, प्रयोगशाळेचा अहवाल किती दिवसांत आला, बालकाची साक्ष कधी झाली, ही माहिती यंत्रणेकडे असतेच. 'पोक्सो'च्या नियमांत बालकासाठी सहाय्यक व्यक्तीची सोय आहे, ती प्रत्येक खटल्यात मिळाली पाहिजे. आणि गुन्हा नोंदवण्यास नकार देणाऱ्यावर कलम १९९ खाली खटला चालायला हवा. शिक्षा किती मोठी यापेक्षा ती होणारच, याची खात्री गुन्हेगाराला जास्त रोखते. त्या खात्रीची सुरुवात पोलीस ठाण्यातील पहिल्या काही तासांत होते.