विश्लेषण : ओल्या सरपणाच्या विक्रीवर इंग्लंडमध्ये निर्बंध का? कोरड्या लाकडाने धूर थांबतो का?

थंडी सुरू झाली की इंग्लंडमधील अनेक घरांत ऊब मिळवण्यासाठी लाकडाच्या शेगड्या पेटतात. मात्र तिथे पिशवीभर ओले सरपण विकणे १ मे २०२१ पासून बेकायदा आहे. लाकडातल्या पाण्याची सरकारला एवढी काळजी का?

नियम काय आहे?

दोन घनमीटरपेक्षा कमी सरपण विकताना त्यातील ओलावा २० टक्के किंवा त्याहून कमी असावा लागतो. अशा पिशव्यांवर ‘रेडी टू बर्न’ हे चिन्ह असते. त्याहून मोठ्या प्रमाणात ओले लाकूड विकता येते. पण ते कसे वाळवायचे, याची माहिती ग्राहकाला द्यावी लागते.

ओलाव्याने काय बिघडते?

नुकत्याच तोडलेल्या लाकडाचे निम्मे वजन पाण्याचे असू शकते. अशा एक किलो लाकडातून साधारण ८ मेगाज्यूल उष्णता मिळते. २० टक्के ओलावा असलेल्या एक किलोतून ती १४ मेगाज्यूलच्या आसपास असते. म्हणजे स्वस्तातले ओले सरपण घेणारा पाण्याचेही पैसे मोजतो.

खरा धोका पुढे आहे. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात. पाण्याची वाफ होण्यात उष्णता खर्च झाल्याने जाळ थंडावतो आणि हे वायू पूर्ण जळत नाहीत. धूर म्हणजे बऱ्याच अंशी हे न जळलेले इंधनच. त्यातूनच पीएम २.५ हे सूक्ष्म कण आणि कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळतात. धुराड्यात डांबरासारखा थर साचतो आणि तो पेट घेऊ शकतो.

कोरडे लाकूड कसे ओळखायचे?

टोकांना भेगा पडलेल्या असतात, साल सहज सुटते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले की खणखणीत आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द असतो. खात्रीसाठी ओलावा मोजणारे छोटे यंत्र मिळते. मात्र ओंडका फोडून आतल्या ताज्या भागावर मोजावे, कारण बाहेरचा भाग आधी वाळतो. घरी वाळवायचे तर लाकूड फोडून, जमिनीपासून उंचावर रचून, फक्त वरून झाकावे. त्याला एक-दोन वर्षे लागू शकतात.

मग धूर थांबतो का?

कमी होतो, थांबत नाही. हवेची झडप बंद करून लाकूड रात्रभर धुमसत ठेवले, तर कोरडे सरपणही धूर सोडते. ‘रेडी टू बर्न’ म्हणजे ‘प्रदूषणमुक्त’ नव्हे.

महाराष्ट्रासाठी धडा काय?

पावसाळ्याआधी सरपणाची बेगमी करण्याच्या आपल्याकडच्या रीतीमागेही हेच शास्त्र आहे. फरक इतकाच, की तिथला धूर धुराड्यातून बाहेर जातो, तर इथे धुराडे नसलेल्या चुलीचा धूर आधी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत जातो. वाळलेले सरपण तिचा त्रास कमी करेल. पण ते गॅसला पर्याय ठरू शकत नाही.