तो अहवाल सभागृहात वाचा

लातूर आणि नांदेड-वाघाळा महापालिकांच्या नगरसेवक बंधू-भगिनींनो,



माझं माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. त्यामुळं रुसायला मला दोन घरं आहेत, आणि आज दोन्हींवर रुसूनच लिहितेय. 15 जानेवारी 2026 च्या महापालिका मतदानाआधी जे जे दारात आले, त्यांनी रस्ता, गटार, लाइट सगळं कबूल केलं. पाणी आणणार कुठून आणि वापरलेलं सोडणार कुठं, एवढं विचारलं की हात जोडून शेजारच्या दाराकडे! लातूरला भावाच्या दारातही तेच.

लातूरकरांनी तरी हे विसरू नये. 2016 च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणं होतील म्हणून जमावबंदी लागली होती. धनेगावचं मांजरा धरण कोरडंठाक. मग 12 एप्रिलला मिरजेहून रेल्वेच्या दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आलं, तर लोक इंजिनाला हार घालायला धावले. पुढं पन्नास वाघिणी आल्या, फेऱ्या पावसाळ्यापर्यंत चालल्या. त्याच वर्षी परतीच्या पावसानं धरण भरलं आणि शहरानं सुटकेचा श्वास सोडला. मला दुःख त्या श्वासाचं आहे. धरणाच्या पट्ट्यात ऊस किती लावायचा हे तुमच्या हातात नाही, मान्य. पण शहराच्या हद्दीतल्या गच्च्या तर तुमच्याच ना? पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडावर बांधायचं तर पावसाचं पाणी जिरवायची सोय बंधनकारक आहे. नकाशावर ती असतेच. प्रत्यक्षात तो पाइप जमिनीत जातो की रस्त्यावर, हे बघायला कोण जातं? क्लासेससाठी गावोगावची पोरं लातुरात येतात, खोल्यांवर खोल्या चढतात आणि प्रत्येक इमारतीची बोअर आधीच्या बोअरपेक्षा खोल.

नांदेडचं दुखणं उलटं. इथं पाणी दारात आहे. वर विष्णुपुरीचा शंकरसागर, खाली घाट. आपण वरचं पितो आणि नाले खाली सोडतो. 2008 च्या शिखांच्या गुरुतागद्दी सोहळ्याच्या वेळी केंद्राच्या योजनेतून शहराचा चेहरामोहरा बदलला, घाट बांधले, रस्ते रुंद झाले. ते काम चांगलंच झालं, उगाच नावं ठेवणार नाही. पण देशोदेशीचे भाविक ज्या घाटावर उतरतात, तिथं गंगेत, म्हणजे आपल्या गोदावरीत, जलपर्णी माजलेली दिसली की मान खाली जाते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत प्रदूषित नदीपट्टे सगळ्यात जास्त महाराष्ट्रातले होते, 53, आणि गोदावरी त्यात होतीच. नांदेडच्या खालची गावं हेच पाणी जनावरांना दाखवतात. त्यांना तुमच्या निवडणुकीत मत नाही, म्हणून त्यांचं ऐकायला कुणी नाही.

आणि दोन्ही शहरांनी एकमेकांकडे बोट दाखवू नये. लातूरची मांजरा कर्नाटक, तेलंगणा फिरून कंदकुर्तीला गोदावरीलाच मिळते.

आता मुख्य तक्रार. महापालिका अधिनियमाचं कलम 67-अ सांगतं, की आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैच्या आत शहराच्या पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल महापालिकेपुढं ठेवायचा. हवा, पाणी, कचरा, झाडं, सगळ्याचा हिशेब. 1993 पासून अमलात असलेल्या 74 व्या घटनादुरुस्तीनं पर्यावरणाचं रक्षण शहरांच्या कामांच्या यादीत घातलं, त्याचं हे रोजच्या कारभारातलं रूप. पण 2022 मध्ये दोन्ही सभागृहांची मुदत संपली आणि निवडणुका वेळेवर झाल्याच नाहीत. लातूरचे चार जुलै, नांदेडचे तीन जुलै असे गेले, की अहवाल ज्यांनी ठेवायचा तेही प्रशासक आणि ज्यांच्यापुढं ठेवायचा तेही प्रशासक. आरोपीही तेच, न्यायाधीशही तेच!

त्या काळात मी एका कार्यालयात या अहवालाची प्रत मागायला गेले होते. शहराचं नाव घेत नाही. टेबलामागच्या मुलानं विचारलं, ‘‘काकू, तुम्हाला कशाला पाहिजे? नळाचं काही असेल तर सांगा.’’ तो उद्धट नव्हता. या कागदाचा आपल्या नळाशी काही संबंध आहे, हे त्याला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. राग त्याचा नाही आला. वाईट वाटलं ते याचं, की सभागृह असतानाच्या वर्षांतही या अहवालावरून कुठला नगरसेवक भांडलेला मला आठवेना. पाइपलाइनच्या निविदेवरून मध्यरात्रीपर्यंत सभा चालल्याचं वाचलंय. नाल्यांवरून?

तुम्ही म्हणाल, महापालिकेकडे पैसा नाही. मलशुद्धीकरणाला, पंपांच्या विजेला पैसा लागतो, खरंय. पण अहवाल वाचायला, आपल्या प्रभागातला नाला कुठं जाऊन मिळतो हे बघायला, बांधकामाला भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी गच्चीवर चढून खात्री करून घ्यायला कुठल्या अनुदानाची वाट बघायची? आणि वृक्ष प्राधिकरणाची बैठक नीट घ्यायला तर चहाच काय तो लागतो.

तेव्हा एवढंच करा. येत्या जुलैत तो अहवाल विषयपत्रिकेवर पहिला घ्या, ‘वाचला असे समजून मंजूर’ करू नका. मराठीत छापा, प्रत प्रभाग कार्यालयात ठेवा, सभेची तारीख आधी जाहीर करा. प्रेक्षक सज्जात आम्ही येऊन बसू. नांदेडला मी, लातूरला माझा भाऊ.

आपली,
एक मतदार