अंतराळात एसी नसतो

आपल्या ऑफिसांत रोज एक महायुद्ध पेटतं. कुणीतरी एसी १८ वर नेतं, कुणीतरी गुपचूप २६ वर आणतं आणि कोपऱ्यातला एक जीव कायम स्वेटर घालून बसलेला असतो. हेच भांडण उपग्रहाच्या पोटातही चालतं हे कळल्यापासून मला त्या पेटाऱ्यांबद्दल भलताच जिव्हाळा वाटू लागलाय.

म्हणजे बघा, वर हवाच नाही. चहा आपण फुंकून गार करतो, कॉम्प्युटरला पंखा असतो. तिथे पंखा फिरवणार कशावर? उष्णता बाहेर टाकायचा मार्ग एकच, इन्फ्रारेड किरणांच्या रूपात ती काळ्या अवकाशात सोडून देणं. त्यात उन्हातली बाजू भाजतेय, सावलीतली गोठतेय. म्हणून मग अंगाभोवती ते झगमगतं सोनेरी पांघरूण. (सोनंबिनं काही नाही हं! पिवळसर प्लास्टिकचे पातळ थर आणि त्यांना अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा.) उष्णता फेकायला आरशासारखे पत्रे आणि बॅटरी गारठू नये म्हणून चक्क हीटर!

इतकं करूनही गणित हुकू शकतं. आपलं चांद्रयान-१ आठवा. २२ ऑक्टोबर २००८ला निघालं, नोव्हेंबरात चंद्रापासून १०० किलोमीटरवर फिरू लागलं. एकीकडून सूर्य, खालून भर दुपारी १०० अंशांच्याही वर तापणारा चंद्र. यानातलं तापमान ५० अंशांच्या आसपास पोचलं. इस्रोच्या मंडळींनी यान सुमारे २० अंशांनी वळवलं, काही उपकरणं बंद ठेवली. मे २००९मध्ये कक्षा २०० किलोमीटरवर नेली. तेव्हा जाहीर झालेलं कारण होतं पुढच्या अभ्यासाचं. २९ ऑगस्टला संपर्क तुटला, दोन वर्षांची मोहीम ३१२ दिवसांत आटोपली. त्यानंतर इस्रोच्या उपग्रह केंद्राचे संचालक टी. के. अ‍ॅलेक्स यांनी सांगून टाकलं, की तिथे ७५ अंश तापमान धरलं होतं, निघालं त्याहून जास्त. म्हणून वर जावं लागलं.

मला यात अपयश दिसत नाही. तापलेल्या अंगानेच त्या यानाने कामं उरकली. त्याच्यावरच्या नासाच्या उपकरणाला चंद्रावर पाण्याच्या खुणा सापडल्याचं सप्टेंबर २००९मध्ये जाहीर झालं आणि जग थक्क झालं. हुरहुर आहे ती एवढीच, की मे महिन्यातच खरं कारण सांगितलं असतं तरी आम्ही टाळ्याच वाजवल्या असत्या, राव!

तेव्हा मंडळी, एकीकडून डेडलाइन आणि दुसरीकडून बॉस भाजत असेल, तर चांद्रयानाचा उपाय करून बघा. जरा तोंड फिरवा. दोन-चार उपकरणं बंद करा, पहिला मोबाइल. थोडं लांब जा. आणि कुणी कारण विचारलंच, तर अभ्यासाचं नाव पुढे करू नका. सरळ सांगा, तापलोय.