मेंदूतील रक्तप्रवाहाचा रंगीत नकाशा: आकड्यांवर किती विसंबावे?

पक्षाघाताच्या रुग्णाचा एमआरआय करताना कधी कधी ‘परफ्यूजन’ तपासणीही केली जाते. अहवालात दोन आकडे येतात: मेंदूचा किती मिलिलिटर भाग मृत झाला आणि किती अजून वाचू शकतो. नातेवाईक या आकड्यांकडे निकाल म्हणून पाहतात. प्रत्यक्षात तो अंदाज असतो.

या तपासणीत हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध देतात आणि ते मेंदूतून जात असताना दर एक-दोन सेकंदांनी प्रतिमा घेतात. यंत्र फक्त सिग्नलमधील घट मोजते. रक्तप्रवाह गणिताने काढावा लागतो. या गणितात प्रतिमेतील लहानशी चूकही खूप मोठी होऊ शकते, म्हणून सॉफ्टवेअर आलेखातील बारीक चढउतार गाळून टाकते. सॉफ्टवेअर बदलले की आकडाही थोडा बदलतो. रुग्ण हलला, हृदय कमजोर असले किंवा मानेतील धमनी आधीच अरुंद असली, तरी धोक्यातील भाग खऱ्यापेक्षा मोठा दिसू शकतो.

२०१८ मध्ये ‘डिफ्यूज-३’ या अभ्यासात लक्षणांनंतर ६ ते १६ तासांतील रुग्ण घेतले होते. मृत भाग ७० मिलिलिटरपेक्षा कमी असावा, ही एक अट होती. गुठळी काढलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण तीन महिन्यांनी स्वावलंबी होते. केवळ औषधोपचार झालेल्यांत हे प्रमाण १७ टक्के होते. त्यानंतर असे आकडे उपचाराचे प्रवेशद्वार ठरू लागले.

२०२३ मध्ये ‘सिलेक्ट-२’ अभ्यासात मृत भाग मोठा असलेले रुग्ण घेतले. त्यांतही गुठळी काढण्याचा फायदा दिसला: स्वावलंबी रुग्ण ७ टक्क्यांवरून २० टक्के झाले. म्हणजे ७० ही निसर्गाने आखलेली रेषा नव्हे, ती एका अभ्यासाची अट होती. मात्र हेही खरे की मृत भाग मोठा असलेले बहुतेक रुग्ण गुठळी काढूनही पूर्ण स्वावलंबी झाले नाहीत.

म्हणून केवळ एका आकड्यावरून आशा सोडू नका आणि खात्रीही बाळगू नका. डॉक्टरांना विचारा: गुठळी मोठ्या रक्तवाहिनीत आहे का? ती काढता येईल का? येथे सोय नसेल तर कुठे हलवावे? रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला होता ती वेळ आणि मूत्रपिंड किंवा हृदयाचा जुना आजार असल्यास तोही लगेच सांगा. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोबडी वळणे दिसताच रुग्णालय गाठा. कोणतीही तपासणी वाया गेलेला वेळ परत आणू शकत नाही.