विश्लेषण : ‘ग्रीन डे’ला पहिली संधी देणारी ‘लुकआउट रेकॉर्ड्स’ का बुडाली?

मे २०२५ मध्ये टेलर स्विफ्टने आपल्या पहिल्या सहा अल्बमची मूळ ध्वनिमुद्रणे, म्हणजेच ‘मास्टर्स’ विकत घेतली आणि गाणे नेमके कोणाच्या मालकीचे, हा वाद पुन्हा चर्चेत आला. बड्या कंपन्या कलाकारांना कसे बांधून ठेवतात, ही त्या वादाची नेहमीची बाजू. कॅलिफोर्नियातील एका छोट्या कंपनीबाबत मात्र उलटे घडले. कलाकार आपली गाणी घेऊन निघून गेले आणि कंपनी संपली.

‘लुकआउट’ची सुरुवात कशी झाली?

लॅरी लिव्हरमोर आणि डेव्हिड हेज यांनी १९८७ मध्ये ही कंपनी काढली. बर्कली शहरातील ‘९२४ गिलमन स्ट्रीट’ हे स्वयंसेवकांनी चालवलेले ठिकाण तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. मोठ्या कंपन्यांनी ढुंकूनही न पाहिलेली पोरे तिथे वाजवत असत. पंकचा वेग आणि सहज ओठांवर येणारी चाल यांचे मिश्रण म्हणजे पॉप पंक. त्याचे एक महत्त्वाचे केंद्र हेच. ‘ऑपरेशन आयव्ही’चा एकमेव अल्बम १९८९ मध्ये ‘लुकआउट’ने आणला आणि त्याच सुमारास तो बँड फुटला. ‘ग्रीन डे’चे पहिले दोन अल्बमही इथलेच. त्यांचा ड्रमवादक ट्रे कूल हा तर लिव्हरमोर यांच्याच बँडमध्ये, वयाच्या बाराव्या वर्षापासून वाजवत होता.

व्यवहार साधा होता. खर्च वजा जाता नफ्याचा मोठा वाटा बँडला. वकिलांपेक्षा परस्परांच्या शब्दावर भिस्त जास्त. रेकॉर्ड उद्योगात ही अपवादात्मक उदारता म्हणावी लागेल.

मग बिघडले कुठे?

फेब्रुवारी १९९४ मध्ये ‘ग्रीन डे’चा ‘डूकी’ आला, तो ‘रिप्राइज’ या मोठ्या कंपनीकडून. पण त्याच्या यशामुळे ‘लुकआउट’कडचे जुने अल्बमही धडाधड खपू लागले. अंगणातल्या कंपनीकडे अचानक बड्या कंपनीइतका नव्हे, पण डोळे दिपतील इतका पैसा आला. लिव्हरमोर १९९७ मध्ये बाहेर पडले आणि सूत्रे ख्रिस अॅपलग्रेन यांच्याकडे गेली. नव्या बँडच्या जाहिराती, ध्वनिमुद्रण, प्रसिद्धी यांवर खर्च वाढला. त्या मानाने विक्री झाली नाही. खड्डा भरायला जुन्या बँडची रॉयल्टी थकवली गेली.

इथेच खरी मेख आहे. त्या जुन्या गाण्यांच्या उत्पन्नावरच कंपनी उभी होती, आणि ज्यांचे पैसे थकले ते त्या गाण्यांचे धनी होते. अनेक बँडनी हक्क परत घेतले. ऑगस्ट २००५ मध्ये, ‘अमेरिकन इडियट’मुळे पुन्हा शिखरावर असलेल्या ‘ग्रीन डे’नेही रॉयल्टी थकल्याचे कारण देत आपले अल्बम काढून घेतले. ‘लुकआउट’ने कर्मचारी कमी केले, नवे अल्बम काढणे थांबवले. ‘ऑपरेशन आयव्ही’चा अल्बमही पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेला.

या हिशेबात ‘ग्रीन डे’ला कृतघ्न ठरवणारे चाहते आजही भेटतात. ते पटत नाही. थकबाकी फक्त कोट्यधीश बँडची नव्हती. पोटापाण्यासाठी दुसरी नोकरी करणाऱ्या छोट्या बँडचीही होती, आणि त्यांच्यासाठी ती रक्कम क्षुल्लक नव्हती.

नावापुरती उरलेली ‘लुकआउट’ २०१२ मध्ये अधिकृतपणे बंद झाली. लिव्हरमोर यांनी २०१५ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. ‘रेकॉर्ड कंपनी कशी चालवावी’ आणि ‘कशी बुडवावी’ असे दोन्ही अर्थ त्याच्या इंग्रजी शीर्षकातून निघतात.