गोव्याला विमानाने जाताना



सोलापूरच्या होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजी गोव्याची विमानसेवा सुरू झाली. सुगी आटोपल्यावर मुलाबाळांना समुद्र दाखवावा, असे अनेकांच्या मनात असेल. विमानाचे वार व वेळ बदलतात, ते आधी विचारून घ्या.

गोव्यात विमानतळ दोन. जुना दाबोळी, वास्कोजवळ. नवा मोपा, उत्तरेला पेडणे तालुक्यातील पठारावर. आपले विमान मोपाला उतरते. समुद्र तेथून काही अंतरावर आहे. हरमल, मांद्रे, मोरजी हे किनारे त्याच तालुक्यातले. मुक्काम तेथे केला तर भाडे वाचते. कळंगुट त्यापुढे, तर कोलवा व पाळोळे पार दक्षिणेला. बाहेर पडल्यावर कदंबच्या बसची चौकशी करा. टॅक्सी केल्यास भाडे आधीच ठरवा.

आता महत्त्वाचे. आपली पोरे विहिरीत पट्टीची पोहतात. पण विहिरीचे पाणी जागच्या जागी असते. समुद्राचे परतणारे पाणी माणसाला आत ओढते. लाल बावटा असेल तेथे पाण्यात शिरू नये. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मध्ये जीवरक्षकांचे लक्ष असते, तेथेच उतरावे. ओढ लागलीच तर सरळ काठाकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहावे, हात वर करून मदत मागावी. पावसाळ्यात तर उतरूच नये.

हे घरातल्या पोहणाऱ्या पोराला निघण्यापूर्वीच बजावा. ज्याला पोहता येत नाही, त्यालाही बजावा.